पाटीवर नाव कुणाचं

सोलापूर, ता. ६ ऑगस्ट १९७४

ती. मल्लप्पा मामा आणि गुरम्मा मामी यांना काशम्माचं शरणु शरणार्थ.

मामा, तुम्ही पाठवलेली ज्वारी पोचली. दाणा टपोरा आहे, भाकरी पांढरीशुभ्र होते. मामींना सांगा, त्यातली पहिली भाकरी मी त्यांच्या नावानं खाल्ली.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. मनाला लागलं आहे, आणि इथं सांगायला कुणी नाही.

अक्कलकोट रस्त्याला नवी वसाहत झाली आहे. तिथं मागाचे सुटे भाग करणारा एक कारखाना उभा राहिला. त्यांना कामगारांसाठी रोज दुपारचं जेवण पुरवणारं कुणीतरी हवं आहे. आमच्याकडं जेवणारा एक फिटर तिथं लागला, त्यानं साहेबांना आमचं नाव सांगितलं. काल दोन साहेब गाडीतून आले. सात रस्त्याच्या कोपऱ्यावर उतरले, पानवाल्याला विचारलं, त्यानं बोट दाखवलं. तरी ते आमच्या दारावरून पुढं गेले आणि परत मागं आले. दारावर काही लिहिलेलं नाही, कळणार कसं? आत चार चुली पेटलेल्या, आम्ही चौघी बायका पीठ मळतोय, भाकरी थापतोय. एक साहेब वाकून म्हणाले, "ही खानावळ आहे की कुणाचं घर?"

बजाबाई पिठाच्या हातानं उठली. "या की भाऊ, आत या. समदं हाय."

साहेबांनी एकमेकांकडं पाहिलं. "येतो नंतर," म्हणाले. आणि समोरच्या हॉटेलात गेले. त्या हॉटेलाला काचेची पाटी आहे, आत ट्यूब जळते. पोरांच्या अंगात पांढरे कोट, छातीवर नंबराचे बिल्ले. मी तव्यासमोर बसून बघत होते. मामा, त्या हॉटेलात भाकरी आमच्याकडूनच जाते.

गिरणीची एक पाळी बंद झाल्यापासून गिऱ्हाईक तुटलं आहे. हे काम मिळालं नाही तर दिवाळीला चुली विझवाव्या लागतील. मग मी परत वळसंगला दिराच्या घरी, कोपऱ्यात. माझा नवरा वारल्यावर तिथं दीड वर्ष काढलं, तेवढं पुरे झालं. नागव्वा, सिद्धम्मा, बजाबाई यांना तर तो कोपराही नाही.

मामींच्या गुडघ्याला तिळाचं तेल लावत जा.

तुमची,
काशम्मा


दुधनी, ता. १२ ऑगस्ट १९७४

चि. काशम्मास मामाचे पोटभर आशीर्वाद.

पोरी, तुझं पत्र मामीला दोनदा वाचून दाखवलं. ती साहेबांवर इतकी चिडली की आमटीत मीठ विसरली. मी मात्र चिडलो नाही. त्या साहेबांचं मला नवल वाटत नाही. का, ते सांगतो.

मी बाजार समितीचा तोलार झालो ते तुला आठवत नसेल, तू परकरात होतीस. त्याच्या आधी मी अडतीत हेच वजन करायचं काम करायचो, पण नुसता मल्लप्पा म्हणून. मी काट्याला हात लावला की शेतकरी माझ्या कोपराला येऊन चिकटायचा. डोळे पारड्यावर, तोंडात पुटपुट. पोतं उतरवताना वाटायचं, हा माणूस आता माझे खिसे तपासणार. मग समितीनं परवाना दिला आणि पितळी बिल्ला दिला. दुसऱ्या दिवशी तोच काटा, तोच मी, सदराही तोच विटका. आळंदच्या बाजूचा एक म्हातारा तूर घेऊन आला होता. त्याचा मुलगा पारड्याजवळ सरकायला लागला, तर म्हातारा कानडीत त्याला म्हणाला, "सोड रे, ह्याला बिल्ला आहे." आणि सावलीत जाऊन तंबाखू मळत बसला. मला इतकं भरून आलं की वजन पुन्हा करून पाहिलं.

पितळ कुणाला खरं करत नाही, काशम्मा. पण खऱ्या माणसाला रोज उठून स्वतःला खरं करून दाखवावं लागत नाही, एवढं काम पितळ करतं. साहेब तुझी भाकरी खायला आले होते, पण दारातच त्यांना विचारावं लागलं, हे काय आहे? ज्याला दारात विचारावं लागतं, तो आत बसून कसा जेवेल?

तेव्हा दोन कामं कर. दारावर मोठी पाटी लाव. नुसती मराठीत नको. तुझ्याकडं आमच्यासारखे कानडी येतात, माग चालवणारे तेलुगू येतात. तिन्ही लिप्यांत लिहून घे. आणि चौघींना बिल्ले कर. माझ्या बिल्ल्यावर नंबर आहे, तसे तुम्हीही नंबर टाका, रुबाब येतो.

मामी म्हणते, "पाटी काय खायाची हाय का?" मी म्हटलं, खायची नाही, पण खाणाऱ्याला दाराशी आणायची आहे. ती म्हणते, असं असेल तर पाटीवर शेंगाचटणीचंही लिहायला सांगा.

तुझा,
मल्लप्पा मामा


सोलापूर, ता. २ सप्टेंबर १९७४

ती. मामा आणि मामींना काशम्माचं शरणु शरणार्थ.

पाटी लागली. आता सावकाश सगळं सांगते.

आमच्या मागच्या गल्लीत धोंडीराम पेंटर म्हणून आहेत. सिनेमाच्या जाहिराती रंगवतात, म्हणून आधी ते आमची पाटी घेईनात. सिद्धम्मानं त्यांना दोन दिवस जेवू घातलं, मग घेतली. वर श्री सिद्धेश्वर प्रसन्न. खाली मोठ्या लाल अक्षरांत, मागं काळी सावली सोडून, 'चार चुली खानावळ'. लोक आम्हाला तसंच म्हणतात, मग दुसरं नाव कशाला. त्याखाली कानडी आणि तेलुगू. आणि मामींचा मान राखला आहे, 'कडक भाकरी व शेंगाचटणी' असं कडेला आहे.

नारळ फोडून पाटी चढवली. संध्याकाळी एक पद्मशाली म्हातारी नातवाचा हात धरून चालली होती. ती थांबली, तेलुगू ओळ मोठ्यानं वाचली आणि आत येऊन बसली. म्हणाली, "या रस्त्यानं इतकी वर्षं जातेय, आज तुम्ही मला हाक मारलीत." दुसऱ्या दिवशी तिच्या घरातली सगळी आली.

बिल्ल्यांची मात्र गंमत झाली. तुमच्या सांगण्याप्रमाणं पत्र्याचे गोल बिल्ले कापून, मागं डाख देऊन पिन जोडून, वर एक दोन तीन चार असे नंबर घालून आणले. सिद्धम्मानं हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. म्हणाली, "काशम्मा, माझ्या म्हशीला बी नाव हाय. मला नंबर व्हय?" बजाबाई म्हणाली, "मी चार नंबर का? मी काय शेवटची हाय?" मामा, तुमच्या बाजारात चालत असेल, आमच्या चुलीपाशी नंबर चालले नाहीत.

मग नावं घालायला दिले. पेंटरनं सवयीनं सगळ्यांच्या नावाआधी 'सौ.' घातलं. नागव्वाचं तुम्हाला माहीत आहे, तिचा माणूस जाऊन बरीच वर्षं झाली. तिनं बिल्ला तळहातावर घेतला आणि 'सौ.'वर बोट ठेवलं. बोलत ती कधीच नाही, पुरुषमाणसासमोर तर तोंडात शब्द गिळते. मी चारही बिल्ले परत नेले आणि सगळ्यांचं 'सौ.' पुसायला लावलं. नुसतं नागव्वा, नुसतं सिद्धम्मा, नुसतं बजाबाई, नुसतं काशम्मा. खाली बारीक 'चार चुली'.

ते लावायचे कुठं, यावर एक सकाळ गेली. छातीवर नको, बाप्ये वाचायच्या निमित्तानं बघत बसतील. शेवटी पदर खांद्यावर येतो तिथं लावले. आता काय सांगू. कालपर्यंत "ए बाई, भाकर आण" म्हणणारा हमाल आज म्हणाला, "नागव्वाबाई, जरा पिठलं वाढता का?" नागव्वानं इतकं वाढलं की त्याला संपेना.

साहेबांच्या कानावर पाटीची गोष्ट त्या फिटरनं घातली आहे. परत येतो म्हणालेत. पाटीच्या खालच्या अंगाला मालकाचं नाव घालावं लागतं म्हणे. तेही घातलं.

तुमची,
काशम्मा


दुधनी, ता. ९ सप्टेंबर १९७४

चि. काशम्मास मामाचे आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि घरात सण झाला. मामीनं शेजारीपाजारी साखर वाटली. नंबराच्या बाबतीत माझा मुद्दा पडला हे मी मान्य करतो. सिद्धम्माला सांग, तिची म्हैस माझ्याहून शहाणी निघाली.

मी बाजारात सगळ्यांना सांगितलं. आमच्या बहिणीच्या पोरीचं नाव सात रस्त्याला, तीन लिप्यांत, लाल रंगात, सावलीसकट. तुझी आई असती तर पायी चालत पाहायला आली असती. ती तुला लहानपणी हाका मारायची ना, "काशम्मा, काशम्मा", ओढ्यापर्यंत ऐकू जायच्या. आता ते नाव अख्खं सोलापूर वाचतंय.

साहेब आले की लगेच कळव. मामी रोज विचारते.

तुझा,
मल्लप्पा मामा


दुधनी, ता. २७ सप्टेंबर १९७४

चि. काशम्मास मामाचे आशीर्वाद.

तुझं पत्र नाही. कामात असशील म्हणून गप्प होतो. पण काल इथला एक अडत्या सोलापूरहून आला. मी सांगितलं होतं म्हणून मुद्दाम तुझ्याकडं जेवला. भाकरीची तारीफ केली, चटणीची केली. मग म्हणाला, "मल्लप्पा, ईरप्पाची खानावळ लई झाक हाय की."

मी म्हटलं, "कुणाची?"

"ईरप्पाची. पाटीवर हाय की. गल्ल्यावर बी त्योच बसलाय."

मी काट्यावरचं पोतं तसंच ठेवून घरी आलो. मामीला अजून सांगितलेलं नाही. ईरप्पा म्हणजे तुझा दीर, वळसंगचा. तो गल्ल्यावर काय करतो? आणि पाटीवर त्याचं नाव कोणी घातलं?

रागानं विचारत नाही, पोरी. एका गोष्टीची फक्त आठवण करून देतो. आपल्या लिंगायतांत मूल जन्मलं की गळ्यात लिंग बांधतात. मुलाला मोठं आणि मुलीला धाकटं, असं बांधत नाहीत. नवरा गेला म्हणून कुणी बाईच्या गळ्यातलं काढून घेत नाही. तुझ्या गळ्यात ते आजही आहे. मग पाटीवर तुझ्या नावाला कुणी हरकत घेतली असेल, तर ती देवाची नसणार.

काय झालं ते खरं लिही.

तुझा,
मल्लप्पा मामा


सोलापूर, ता. ३ ऑक्टोबर १९७४

ती. मामांना काशम्माचं शरणु शरणार्थ.

मामा, तुम्हाला फसवलं. मागच्या पत्रात लिहायला हात धजला नाही.

पाटी जवळजवळ झाली होती. धोंडीराम पेंटरनी ब्रश रंगात बुडवला आणि विचारलं, "प्रोप्रायटर म्हणून कुणाचं टाकू?" मी तोंड उघडणार, इतक्यात शेजारची किराणेवाली म्हणाली, "अगं, वर देवाचं नाव हाय. खाली असल्या बाईचं नाव बरं दिसतंय व्हय? घरातल्या बाप्याचं टाक, सवाष्ण पाटी हुईल." पेंटरही थांबले. ब्रशवरून रंग टपकत होता. मी काय म्हणणार? माझ्याच तोंडून निघालं, "ईरप्पा घाला." इतकं सोपं वाटलं तेव्हा. भावजी वळसंगला, खानावळ इथं. नुसतं नाव तर आहे.

पण नाव नुसतं नसतं. भावजी पाटी पाहायला आले. खाली उभे राहिले, वर पाहिलं, फोटोवाल्याला बोलावून फोटो काढला. पुढच्या आठवड्यात धोतर आणि कोट घालून गल्ल्यावर बसायला लागले. वाईट वागत नाहीत, उलट गोड बोलतात. पण आता बजाबाईला सांगतात, "पिठलं जरा पातळ करा, पुरवून पुरवून वाढा."

आणि साहेब आले, मामा. या वेळी पाटी वाचून थेट आत आले. गल्ल्याकडं जाऊन भावजींशी हात मिळवला. "नमस्कार ईरप्पा, जागा चांगली ठेवलीत." मग माझ्या खांद्यावरचा बिल्ला वाचला. "आणि या काशम्मा. भाकऱ्या करतात का?"

भावजी म्हणाले, "व्हय साहेब, आमच्याकडंच असत्यात."

मी तवा पुसत होते. पुसतच राहिले. ज्या बिल्ल्यानं नागव्वाला माणूस केलं, त्याच बिल्ल्यानं मला माझ्याच घरात कामाला लावलं.

सोमवारी चौदा तारखेला साहेब करार घेऊन येणार आहेत. रात्री मी विषय काढला, तर भावजी म्हणाले, "नाव माझं, म्हून सही माझी. तू घाबरू नगंस वयनी. तुला आन ह्या बायकांना मी पगार देईन की."

मामा, चुली विझल्या असत्या तर वळसंगला गेले असते. आता चुली पेटलेल्याच राहतील आणि मी वळसंगलाच असेन, इथं बसून. काय करू?

तुमची,
काशम्मा


दुधनी, ता. ७ ऑक्टोबर १९७४

चि. काशम्मास मामाचे आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि धोतराचा कासोटा आवळून स्टेशनकडं निघालो होतो. मामीनं दारात अडवलं. म्हणाली, "तुमी जाऊन वरडणार. ईरप्पा पळंल. मग काय, त्या पाटीवर मल्लप्पा लिवणार का?"

बाई बरोबर बोलली. मी आलो तर एका बाप्याचं नाव पुसून दुसऱ्याचं चढेल. म्हणून येत नाही. याचा मला किती त्रास होतो आहे ते मामीला विचार, माझ्या पानातलं अन्न तसंच राहतंय.

ईरप्पा लुच्चा नाही. मी त्याला तुझ्या लग्नात पाहिलं आहे, पंगतीत वाढायचं सोडून नवरदेवाच्या शेजारी जाऊन बसला होता. त्याला मानाची जागा दिसली की बसावंसं वाटतं. पण मालक म्हणवून घेणं म्हणजे खुर्ची नव्हे, आणि हे त्याला मी सांगून कळणार नाही. तुझ्या खानावळीत मालकाला रोज काय काय करावं लागतं, ते त्याला एकदाही करावं लागलेलं नाही.

तिघींना सगळं सांग. लपवू नकोस. तू मला लपवलंस, ते चाललं, मी लांब आहे. त्या तुझ्या शेजारच्या चुलीवर बसतात.

तुझा,
मल्लप्पा मामा


सोलापूर, ता. १६ ऑक्टोबर १९७४

ती. मल्लप्पा मामा आणि गुरम्मा मामींना काशम्माचं शरणु शरणार्थ.

मामी, आता मामांच्या पानातलं अन्न संपेल अशी गोष्ट लिहिते.

सोमवारी सकाळी भाजी-पिठलं झाल्यावर, पीठ मळायच्या आधी मी तिघींना सगळं सांगितलं. किराणेवाली काय म्हणाली, मी काय केलं, भावजी काय म्हणतात. बजाबाई म्हणाली, "म्हंजी आमी ईरप्पाच्या खानावळीत हाय?" मी म्हटलं, पाटी तसं म्हणते. सिद्धम्मा उठली. खांद्यावरचा बिल्ला काढला आणि गल्ल्यावर भावजींच्या पुढ्यात ठेवला. "घ्या मालक. ईरप्पाचं पीठ आमी कवा मळलं न्हाय, आन मळणार बी न्हाय." बजाबाईनं ठेवला. नागव्वानं ठेवला. माझा मी ठेवला. आणि आम्ही चौघी समोरच्या लिंबाखाली जाऊन बसलो.

भावजी हसले. "बायकांचं रुसणं. भूक लागली की येतील."

भूक लागली, पण गिऱ्हाइकाला. गिरणीची पाळी सुटली, हमाल आले, मागवाले आले, ती पद्मशाली म्हातारी आली. पंगत बसली. भाजी होती, पिठलं होतं, भाकरी नव्हती. कोणीतरी म्हणालं, "मालक, भाकर." भावजी म्हणाले, "येतीया." मग दुसरा, "मालक, भाकर." मग सगळी पंगत ताटावर वाटी वाजवायला लागली. पाटी सगळ्यांनी वाचलेली, मामा. आम्हाला कोणी काही विचारलं नाही. मालक म्हणून ज्याचं नाव, त्याच्याकडंच सगळे बघत होते.

भावजींनी कोट काढला. बाह्या वर केल्या आणि स्वतः चुलीपुढं बसले. भाकरी थापली, ती परातीला चिकटली. दुसरी उचलली, तिचे तीन तुकडे तव्यावर पडले. एका हमालानं तुकडा उचलून बघितला. "मालक, ही भाकर हाय का वळसंग शिवाराचा नकाशा?" पंगत हसायला लागली. भावजींच्या तोंडावर पीठ, धुरानं डोळे लाल. मला त्यांची कीव आली, खोटं कशाला बोलू. मी उठून दारात गेले.

"भावजी," मी म्हटलं, "पाटीवर नाव तुमचं. मग ही भूक बी तुमचीच."

ते वर बघून म्हणाले, "वयनी, चेष्टा पुरं झाली. साहेब यायची येळ झाली."

आणि साहेब आलेच. दोघे, हातात कागदाची पिशवी. पंगतीचा गलका ऐकून दारात थबकले. एक म्हणाले, "ईरप्पा, हे काय चाललंय? भाकरी कुठं आहे?"

भावजी तोंडावरचं पीठ पुसायला लागले. दोन महिन्यांपूर्वी मी बोलले नसते. पण मागं लिंबाखाली तिघी बसलेल्या मला दिसत होत्या. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हटलं, "साहेब, पाटी चुकली आहे. खानावळ माझी आहे. चुली मी मांडल्या, माणसं मी आणली. माझं नाव काशम्मा. ते तिथं लिहायला मी भ्याले, एवढंच."

साहेबांनी भावजींकडं पाहिलं. "खरं आहे का?"

मला वाटलं आता भांडण लागणार. भावजी उठले, हात झटकले. पंगतीकडं बघितलं, परातीतल्या त्या तुकड्यांकडं बघितलं. मग म्हणाले, "खरं हाय साहेब. मी आपला पाटीखाली हुबा हाय. भाकर वयनीची हाय."

साहेब म्हणाले, "आम्हाला करार मालकाशी करावा लागतो. बाहेर एक नाव आणि कागदावर दुसरं, असं आमच्या ऑफिसात चालणार नाही."

"मग थांबा," मी म्हटलं. "जेवा तोवर. पाटी आत्ता बदलते."

गल्ल्यावरचे बिल्ले मी उचलले आणि एकेकीच्या खांद्यावर माझ्या हातानं लावले. चार चुलींवर चार तवे चढले. अशी भाकरी त्या दिवशी फुगली, मामी, जणू तिलाही कळलं होतं. पंगतीतल्या कोणी तक्रार केली नाही, उलट एकेकानं जास्तीची मागून घेतली.

धोंडीराम पेंटर शिडी घेऊन आले. सात रस्त्यावर माणसं गोळा झाली. त्यांनी ईरप्पा पुसलं आणि वरूनच ओरडून विचारलं, "प्रोप्रायटर कुणाचं?"

किराणेवाली तिच्या दारात उभी होती. मी तिच्याकडं बघून, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हटलं, "काशम्मा."

"पुढं काय?"

"पुढं काही नाही. तेच तिन्ही लिप्यांत."

शिडी हलत होती. ती कोणी धरली असेल सांगा. भावजींनी. दोन्ही हातांनी, वर बघत. रंगाचा एक थेंब त्यांच्या टोपीवर पडला, तरी सोडली नाही. संध्याकाळच्या गाडीनं वळसंगला गेले. जाताना कडक भाकरी बांधून दिल्या. म्हणाले, "वयनी, भाकर थापणं लई अवघड हाय की."

साहेबांनी रंग वाळायची वाट पाहिली. मग करार झाला. मी सही केली, अंगठा नाही. दिवाळी पाडव्यानंतरच्या सोमवारपासून काम सुरू.

तुमची,
काशम्मा


दुधनी, ता. २० ऑक्टोबर १९७४

चि. काशम्मास मामाचे आशीर्वाद, मामीचे त्याहून जास्त.

तुझं पत्र मी अडतीत उभं राहून मोठ्यानं वाचलं. वळसंगच्या नकाशापाशी सगळ्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. तो अडत्या म्हणाला, "मल्लप्पा, मी चुकलो, काशम्माची खानावळ." मी म्हटलं, तू नाही चुकलास, तू जे लिहिलं होतं ते वाचलंस.

ईरप्पानं शिडी धरली, हे मला करारापेक्षा गोड लागलं. त्याला दिवाळीला बोलाव आणि गल्ल्यावर नको, पंगतीत बसव.

मामी म्हणते, आता ती स्वतः सोलापूरला येणार आणि पाटी वाचणार. तिला वाचता येत नाही. आजपासून रोज जेवणानंतर मी तिला पाटीवरची तेवढी अक्षरं कानडीत शिकवतो आहे. 'का' झाला.

तुझा,
मल्लप्पा मामा


सोलापूर, ता. १९ नोव्हेंबर १९७४

ती. मामा आणि मामींना काशम्माचं शरणु शरणार्थ.

काल पहिला दिवस झाला.

टेंपोत भाजीची पातेली, चटणीची बरणी, कापडात बांधलेल्या भाकऱ्या आणि आम्ही चौघी. कारखान्याच्या फाटकाला मोठं लोखंडी दार आहे, त्यातच माणसांपुरता एक छोटा दिंडी दरवाजा. पहारेकरी मिशावाला, हातात काठी. त्यानं टेंपो थांबवला. "कुटं निघालाव? बायांना आत सोडायचा हुकूम न्हाय. ठेकेदार कोन हाय?" आणि टेंपोच्या ड्रायव्हरला सलाम करून विचारतो, "तुमी का मालक?"

ड्रायव्हर बिचारा घाबरून नाही म्हणायलाही विसरला. मी बोलायला तोंड उघडलं, पण माझ्या आधी नागव्वा खाली उतरली. नागव्वा, मामा. चार वर्षांत मी तिला परक्या पुरुषाशी एक वाक्य बोलताना ऐकलं नव्हतं. तिनं पदर खांद्यावर ओढून बिल्ला सरळ केला आणि त्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

"मालक ह्या," ती म्हणाली. "काशम्मा. मी नागव्वा. ही सिद्धम्मा, ही बजाबाई. चार चुली, सात रस्ता. वाचता येत नसंल तर आत जाऊन इचारून ये. भाकर गार हुतीया, फाटक उघड."

त्यानं चौघींच्या खांद्यांकडं पाहिलं. काठी भिंतीला टेकवून ठेवली. मी दिंडीकडं निघाले होते, तर म्हणाला, "तितनं नगं बाई, थांबा." आणि खांदा लावून त्यानं मोठं फाटक उघडलं, दोन्ही बाजूंनी.

तुमची,
काशम्मा